घरातल्या कुंड्यांचं पाणी आणि मातीचा पीएच, गोव्यातल्या नवख्यांसाठी

घरात झाडं लावायला लागलेले बरेच जण व्हिडिओ बघून पहिलं काम करतात ते म्हणजे पाण्यात लिंबू पिळणं नाहीतर व्हिनेगर घालणं, कारण व्हिडिओतल्या माणसाने सांगितलेलं असतं की पाणी अल्कलाइन आहे, पीएच खाली आणा. तो माणूस बेंगळूरला नाहीतर दिल्लीत बोअरच्या जड पाण्यावर झाडं वाढवत असतो, त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. पण आपण बसलोय फोंड्यात, म्हापशात, मडगावात. आपलं नळाचं पाणी नदीचं, मऊ, क्षार अगदी कमी, आणि आपली तांबडी चिऱ्याची माती मुळातच आंबट, त्यामुळे तोच उपाय इथे केला की आधीच आंबट असलेल्या कुंडीत आणखी आंब पडते आणि मग पानं का पिवळी पडली म्हणून आपण अजून लिंबू पिळतो. म्हणून या लेखात सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, आधी आपलं पाणी आणि आपली माती मोजा, मग काय घालायचं ते ठरवा. आणि खरं सांगायचं तर मोजल्यावर बऱ्याच वेळा काहीच घालावं लागत नाही.

थोडक्यात पीएच म्हणजे काय ते आधी. 0 ते 14 अशी पट्टी, 7 मध्यावर, त्याच्या खाली आंबट आणि वर अल्कलाइन. लक्षात ठेवायचं ते एवढंच की ही पट्टी साधी नाही, एक अंक खाली गेला की आंबटपणा दहा पट वाढतो, म्हणजे 6 आणि 5 मधला फरक छोटा वाटला तरी तो छोटा नाही. घरातली बहुतेक झाडं, मनी प्लांट, अँथुरियम, पीस लिली, अरेका पाम, फर्न, ही सगळी 5.5 ते 6.5 मध्ये मजेत असतात, 7 पर्यंत गेलं तरी कुरकुर करत नाहीत. 7 च्या बऱ्याच वर गेलं की लोह, मँगनीज, झिंक मातीत असूनही मुळांना मिळत नाही. 5 च्या खाली गेलं की उलटी गंमत होते, कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडतं आणि ॲल्युमिनियम, मँगनीज नको तितकं सुटायला लागतं, आणि आपल्या तांबड्या मातीत ॲल्युमिनियम आणि लोखंड भरपूर असतं म्हणून हे दुसरं टोक आपल्या जास्त कामाचं.

काय विकत घ्यायचं

दोन वस्तू. एक टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलीग्रॅम ते दाखवणारं, हे शे-दोनशे रुपयांत मिळतं आणि सहसा फसवत नाही. दुसरं पीएच मोजायला काहीतरी. पीएच पेन घेतलंत तर त्याच्यासोबत बफर पावडरच्या (ठरलेल्या पीएचचं पाणी करायच्या) पुड्या येतात, सहसा 4.00, 6.86 आणि कधी 9.18 लिहिलेल्या. त्या पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवायच्या, बहुतेक 250 मिली असतं, आणि ते पाणी डिस्टिल्ड पाहिजे, नळाचं चालत नाही. आधी 6.86 मध्ये बुडवून पेन जुळवायचं, मग धुऊन 4.00 मध्ये. हे महिन्यातून एकदा तरी करा नाहीतर पेन दाखवतं त्याला काही अर्थ नसतो. पेनाचं टोक काचेचं असतं, ते सुकलं की पेन मेलं, म्हणून टोपणात थोडं केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) द्रावण घालून ठेवायचं. साध्या आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवू नका, त्याने ते अजून लवकर खराब होतं.

एवढी कटकट नको असेल तर मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात पीएचचे थेंब मिळतात, नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग कार्डाशी जुळवायचा. नवख्याला मी हेच सुचवीन. त्याच दुकानात केएच टेस्ट म्हणून, पाण्यातलं बायकार्बोनेट मोजणारी, दुसरी बाटली मिळते ती पण घ्या, पुढे तिचं काम आहे आणि माझ्या मते पीएच पेनापेक्षा ती जास्त उपयोगाची आहे.

आणि ते मातीत खुपसायचं दोन-तीन काड्यांचं मीटर, ओलावा-उजेड-पीएच सगळं एकात दाखवणारं, ते घेऊ नका. ओलावा थोडाफार दाखवतं, पीएचच्या नावाने कुठल्याही मातीत 7 च्या आसपास काटा हलवत बसतं.

पाणी कुठून येतं ते बघा

हे काम फुकटचं आहे आणि यातच अर्धं उत्तर मिळतं. फोंडा आणि तिसवाडीत नळाला येतं ते ओपाचं, म्हणजे खांडेपार नदीचं पाणी. सासष्टी आणि मुरगावला साळावली धरणाचं, बार्देसात अस्नोड्याच्या प्रकल्पाचं, पेडण्यात चांदेलचं. ही सगळी पावसाने भरणारी घाटाकडून येणारी पाणी, त्यात क्षार फार विरघळलेले नसतात, पेन बुडवलं की आकडा लहानच दिसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस 500 पर्यंत चांगला धरलाय आणि पीएच 6.5 ते 8.5, आपला नळ त्याच्या कितीतरी आत बसतो. क्लोरीनची भीती फार जण बाळगतात, खरं तर नळाला पोचेपर्यंत जेवढं उरतं तेवढ्याने कुंडीतल्या झाडाला काही होत नाही. तरी मनाला बरं वाटत असेल तर बादली उघडी ठेवा रात्रभर, निघून जातं.

विहीर असेल तर गोष्ट वेगळी. चिऱ्यातून झिरपलेलं पाणी सहसा थोडं आंबट आणि मऊ असतं, शिवाय त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून बांयचं पाणी ताजं काढून लगेच मोजलं तर पीएच कमी दिसतो आणि तेच बादलीत तासभर ठेवून ढवळून मोजलं की वर चढलेला दिसतो. दुसरा आकडा धरा, झाडाला आपण तेच पाणी घालतो. पण किनाऱ्यापासची विहीर असेल, किंवा खाडीच्या, खाजनाच्या बाजूची, तर एप्रिल-मे मध्ये पाणी मचूळ होतं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना चांगलं माहीत असतं, त्यांना विचारा. तेव्हा पीएचकडे बघूच नका, टीडीएस बघा. जून-जुलैत तीच विहीर परत गोडी होते, म्हणून एकदा मोजून वर्षभराचा निकाल लावायचा नाही, पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा असं मोजायचं.

बोअरचं पाणी काही गावांत लोखंडाचं येतं, बादलीला आणि बाथरूमच्या टाइल्सना तांबूस डाग पडतात त्यावरून कळतं. हे पाणी विषारी वगैरे नाही, फक्त पानांवर शिंपडलं तर डाग पडतात आणि ड्रिपच्या नळ्या तुंबतात. रात्रभर उघडं ठेवलं की हवेने लोखंड तळाला बसतं, सकाळी वरचं पाणी हळू काढून घ्यायचं.

टँकरवर असाल, किनाऱ्याच्या पट्ट्यातल्या सोसायट्यांना उन्हाळ्यात असतंच, तर दर टँकरला पेन बुडवा कारण आजचा टँकर आणि परवाचा टँकर एकाच विहिरीचा असेल याची खात्री नसते.

आता एक गोष्ट जी फारसं कुणी सांगत नाही. नवीन बिल्डिंगची सिमेंटची टाकी. ताजं सिमेंट पाण्यात चुना सोडतं आणि आपलं मऊ पाणी त्यात पडून राहिलं की त्याचा पीएच 9 च्या वर जाऊ शकतो, तेसुद्धा टीडीएस फारसा न वाढता. नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात आणि जुन्या घरी ठणठणीत असलेल्या झाडांची नवी पानं पिवळट यायला लागली तर आधी तोटीचं पाणी मोजा. काही महिने टाकी भरून-रिकामी होत राहिली की हे आपोआप कमी होतं, तोवर पावसाचं किंवा आरओचं पाणी अर्धंअर्धं मिसळा.

पीएच एवढा महत्त्वाचा नाही, केएच बघा

इथे जरा थांबून वाचा कारण नवखे बहुतेक इथेच गोंधळतात. पाण्याचा पीएच 8 आहे म्हणजे ते झाडाला वाईट असं नसतं. पाण्यात बायकार्बोनेट किती आहे त्यावर खरं ठरतं, म्हणजे त्या पाण्याची आंब पचवायची ताकद किती. जड बोअरच्या पाण्यात ती खूप असते, तिथे रोज पाणी घालून घालून माती हळूहळू अल्कलाइन होत जाते. आपल्या नळाच्या पाण्यात ती जवळजवळ नसतेच. म्हणून त्याचा पीएच 7.8 दिसला तरी मातीत पडल्यावर माती जशी आहे तशीच राहते, पाणी तिला हलवू शकत नाही.

हे मोजायला ती केएचची बाटली. नळीत 5 मिली पाणी, एकेक थेंब टाकून हलवत राहायचं, रंग बदलला की थेंब मोजायचे, बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डिग्री, आणि एक डिग्री म्हणजे लिटरला साधारण 18 मिलीग्रॅम. एक ते तीन थेंबांत रंग बदलला तर तुमचं पाणी मऊ आहे, पीएच खाली आणायच्या भानगडीत पडूच नका. आठ-दहा थेंब लागले तर मात्र पाणी जड आहे, मग पुढे सांगतो ते उपाय बघा.

मऊ पाण्यात आंबट घालण्यातला धोका किती आहे ते आकड्यात सांगतो. दहा लिटरच्या बादलीत एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे चिमूट-दोन चिमूट, एवढ्याने आपल्यासारख्या पाण्याचा पीएच 5 च्या खाली जातो. जड पाण्यात तेवढंच घातलं तर तो इतका खाली येत नाही. व्हिडिओतला "एका बादलीला अर्धं लिंबू" हा हिशोब इथे का चालत नाही ते यावरून कळेल. कोकमचं उरलेलं पाणी, आमसुलं भिजवलेलं पाणी कुंडीत ओतणारेही आहेत, त्यात मीठ असतं हो बऱ्याच वेळा, ते सोलकढीलाच ठेवा.

आरओ, एसी आणि पावसाचं पाणी

आरओचं पाणी चांगलं पण गोव्यात घरातल्या साध्या झाडांना त्याची गरज नाही. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमसुद्धा निघून गेलेलं असतं. आणि त्याचा पीएच मोजायला गेलात तर पेन स्थिरच होत नाही, कधी 6.2 कधी 7, ते पेन बिघडलं म्हणून नाही, पाण्यात क्षारच नाहीत म्हणून. तो आकडा सोडून द्या. इतर शहरांत आरओचं फेकायचं पाणी झाडांना वापरू नका म्हणतात, पण आपल्या नळाचा टीडीएस 70-80 असेल तर फेकलेल्या पाण्याचाही दीडशे-पावणेदोनशेच्या पुढे सहसा जात नाही, खुशाल घाला. विहिरीवर आरओ असेल तर मोजून मग घाला. वॉटर सॉफ्टनरचं पाणी मात्र अजिबात नको, त्यात कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घातलेलं असतं.

एसीच्या पाइपातून गळणारं पाणी म्हणजे जवळपास डिस्टिल्ड, आपल्या दमट हवेत भरपूर मिळतं. फक्त एसी वर्षानुवर्षं साफ केला नसेल तर त्यात धूळ-बुरशी येते, आणि कॉइल साफ करायचं केमिकल मारल्यावर दोन-तीन दिवस ते पाणी घेऊ नका.

पावसाचं पाणी सगळ्यात झकास. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे शुद्ध पावसाचा पीएच साधारण 5.6 असतो, पण त्यात ताकद काहीच नसते म्हणून माती आंबट होईल ही भीती नको. मोसमाच्या पहिल्या काही सरी सोडून द्या, छपरावरची सगळी घाण त्यात उतरते, मग मंगळुरी कौलावरून आलेलं बिनधास्त भरा. सिमेंटच्या पत्र्यावरून आलेलं थोडं अल्कलाइन असू शकतं, जस्ताच्या पत्र्यावरून जस्त येतं, ऑर्किड आणि फर्नसाठी ते टाळा. ड्रमवर बारीक जाळी बांधा, डेंगीचे डास आपल्याकडे वाट बघतच असतात.

माती कशी मोजायची

कुंडीच्या वरची माती घेऊ नका, मधल्या थरातली, मुळांच्या बाजूची घ्या. ती सावलीत सुकवा, खडे काढा. एक भाग माती आणि अडीच भाग डिस्टिल्ड पाणी, म्हणजे 20 ग्रॅमला 50 मिली, काचेच्या ग्लासात ढवळा, अर्धा तास ठेवा, अधूनमधून ढवळा, मग वरच्या पाण्यात पेन किंवा थेंब. लॅबमध्येही हेच प्रमाण वापरतात. मातीचं पाणी तांबडं येतं आणि थेंबांचा रंग ओळखता येत नाही अशी तक्रार येते, मग कॉफीच्या फिल्टर पेपरातून गाळून घ्या.

झाड उपटायचं नसेल तर दुसरी पद्धत, ही मला जास्त आवडते. नेहमीसारखं भरपूर पाणी घाला, तासभर जाऊ द्या, खालची बशी रिकामी करा, आता वरून गोल फिरवत थोडं डिस्टिल्ड पाणी ओता इतकं की खाली अर्धी वाटी पाणी येईल. ते जे खाली आलं ते मुळांभोवतीचं पाणी, त्याचा पीएच आणि टीडीएस दोन्ही मोजा. पीएच 5.5 ते 6.8 मध्ये असेल तर काही करायचं नाही. टीडीएस हजाराच्या वर असेल तर खत किंवा मीठ साठलंय.

मिश्रण बनवताना

चिऱ्याची तांबडी माती एकटी कुंडीत कधीच नको, आंबटपणा तर आहेच पण ती सुकली की विटेसारखी होते, शिवाय फॉस्फरस धरून ठेवते आणि झाडाला देत नाही. तिचा पीएच साधारण 5 ते 6 च्या दरम्यान मिळतो. शेणखताचा किंवा घरच्या कंपोस्टचा सहसा 7 च्या वर असतो. दोन्ही सारखे मिसळले की आपोआप साडेसहाच्या आसपास येतं, म्हणून तांबडी माती एक भाग, कंपोस्ट एक भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) एक भाग आणि भाताचा कोंडा जळून उरतो तो काळा कोंडा किंवा पर्लाइट अर्धा भाग, यात चुना घालायची गरजच पडत नाही. खाजनातली किंवा खाडीकाठची माती आणू नका, कितीही काळी आणि सुपीक दिसली तरी.

कोकोपीटवर थोडं जास्त लिहितो कारण घरातल्या झाडांचं निम्मं दुखणं इथून येतं. नारळाची सोडणं बऱ्याच ठिकाणी खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवतात, शिवाय नारळ मुळात किनाऱ्याचं झाड, त्यामुळे स्वस्तातल्या विटेत सोडियम आणि पोटॅशियम भरलेलं असतं. पाकिटावर लो ईसी (पाण्याची विद्युतवाहकता कमी, म्हणजे क्षार कमी) लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. वीट बादलीत फुलवा, मुठीत पिळून निघालेलं पाणी पेनाने मोजा, पहिल्यांदा हजारच्या वर आकडा आला तर नवल नाही. पाणी बदलत धुवा, पिळलेल्या पाण्याचा आकडा 250 च्या खाली येईपर्यंत. पेनावरचे 250 म्हणजे साधारण अर्धा मिलीसीमेन्स, ईसीवाल्यांशी बोलताना हा हिशोब लागतो. धुतल्यावर शेवटी कॅल्शियम नायट्रेटच्या पातळ पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी परत एकदा धुतलं तर अजून चांगलं, कारण नुसत्या पाण्याने काथ्याला चिकटलेलं सोडियम सुटत नाही, कॅल्शियम त्याची जागा घेतं तेव्हा सुटतं. हे केलं नाही तर कोकोपीट आपण घातलेल्या खतातलं कॅल्शियम स्वतःच खातं आणि नवी पानं वेडीवाकडी येतात.

पीएच खाली गेलाय, वर कसा आणायचा

आपल्याकडे हीच वेळ जास्त येते. डोलोमाइट घ्या, खताच्या दुकानात मिळतं, बागायतदार सुपारीला आणि नारळाला वापरतातच. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतं आणि मऊ पाण्यामुळे आपल्या कुंड्यांत नेमकं तेच कमी असतं, एकाच दगडात दोन्ही. एक लिटर मिश्रणाला 2 ते 3 ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचाभर, नीट मिसळून, लावलेल्या कुंडीत असेल तर वरून पसरून हलकं खुरपून पाणी घालायचं. तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी परत मोजून "काहीच झालं नाही" म्हणून आणखी घालू नका.

पानाला लावायचा चुना नको, फार जहाल, मुळं जळतात. चुलीतली राख चालते पण चिमूटभरच, दहा इंची कुंडीला एक छोटा चमचा आणि तोही सहा महिन्यांत एकदा, राख लगेच पीएच वर उडवते. अंड्याची टरफलं आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या, हे सगळेच सांगतात. रसायन बरोबर आहे, कॅल्शियम कार्बोनेटच ते, पण शिंपली अख्खी टाकली तर वर्षानुवर्षं तशीच राहते. मिक्सरमध्ये पीठ करून घालणार असाल तर घाला, शिंपल्या आधी धुऊन, मीठ जाईपर्यंत.

खाली आणायची वेळ आली, म्हणजे केएच खूप थेंबांवर आहे किंवा कंपोस्ट जास्त पडून माती साडेसातच्या वर गेलीय, तर गंधकाची पावडर, मातीतले जीवाणू तिचं हळूहळू ॲसिड करतात, काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात. व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक याने दिसतं लगेच पण जीवाणू ते खाऊन टाकतात आणि चार दिवसांत माती मूळ जागी. तुरटी घालू नका, त्यात ॲल्युमिनियम आहे आणि आपल्या मातीत ते आधीच पुष्कळ. वापरलेली कॉफी आणि चहापत्तीने पीएच खाली येतो ही अफवा, उकळून निघालेल्या चोथ्यात आंब फारशी उरत नाही.

खताने पीएच सरकतो

सगळीकडे मिळणारं 19:19:19 खत (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारखे), त्यातला बराचसा नायट्रोजन युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, आणि मातीत त्याचं रूपांतर होताना आंब तयार होते. जड पाण्याच्या शहरात ही आंब पाणीच मारून टाकतं, आपल्या मऊ पाण्यात तिला अडवायला कोण नाही, म्हणून वर्षभर फक्त हेच खत घातलेली कुंडी मोजली तर 5 च्या खाली गेलेली सापडते. उपाय सोपा, एका वेळी 19:19:19 लिटरला अर्धा ग्रॅम, पुढच्या वेळी कॅल्शियम नायट्रेट तेवढंच. एकाच बाटलीत दोन्ही घट्ट मिसळू नका, पांढरा साका बसतो. महिन्यातून एकदा चिमूटभर एप्सम सॉल्ट मॅग्नेशियमसाठी, त्याने पीएच हलत नाही. आणि हो, युरिया टीडीएस पेनाला दिसत नाही, म्हणून आकडा कमी दिसतोय म्हणून खत वाढवायचं नाही.

मीठ साठलं की

मातीच्या कुंडीवर पांढरा थर, पानांची टोकं तपकिरी, विशेषतः स्पायडर प्लांट, ड्रसीना, कॅलेथियाची. कुंडी मोरीत ठेवा आणि कुंडीच्या आकाराच्या दोन-तीन पट पाणी हळूहळू सोडा, खालून येणाऱ्या पाण्याचा आकडा वरून घातलेल्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत. एरवीसुद्धा पाणी घालताना थोडं खालून निघू द्या आणि बशीतलं फेकून द्या, बशीत ठेवलं तर तेच मीठ परत वर चढतं. गॅलरी समुद्राच्या तोंडावर असेल तर वाऱ्याबरोबर येणारं मीठ पानांवरही बसतं, आठवड्यातून एकदा पानं साध्या पाण्याने पुसा.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर घरातली माती सुकतच नाही, आणि चवथीपर्यंत निम्म्या लोकांची पीस लिली पिवळी. लोक म्हणतात लोह कमी पडलं, पीएच बिघडला. बहुतेक वेळा मुळांना हवाच मिळत नसते, आणि हवा नसलेलं मूळ लोह असूनही घेऊ शकत नाही, लक्षण तेच दिसतं, नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या. म्हणून या चार महिन्यांत औषध शोधायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओलं लागलं तर पाणी बंद, पंख्याखाली ठेवा, खत बंद. जुनी खालची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर मॅग्नेशियम, फक्त टोकं जळाली तर मीठ. पीएचवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, आणि तोही मोजून.

हायड्रोपोनिकची, म्हणजे मातीशिवाय पाण्यात झाड वाढवायची, बरणी किंवा ट्रे करणार असाल तर हे सगळं जरा कडक होतं. पाणी मऊ म्हणून पीएच एका दिवसात इकडचा तिकडे जातो, रोज मोजावं लागतं, 5.5 ते 6.5 मध्ये धरायचं, आणि पीएच डाउन (पीएच खाली आणायचं बाटलीतलं द्रावण) थेंबाथेंबानेच घालायचं, बाटलीवर लिहिलेलं प्रमाण जड पाण्यासाठी असतं, त्याच्या पाव भागाने सुरुवात करा.

घरचं मोजमाप पटत नसेल तर माती लॅबला द्या. कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात विचारलं की नमुना कुठे द्यायचा ते सांगतात, जुन्या गोव्याला एला इथे आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी शेतीवर संशोधन करणारी संस्था आहे. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी येतात, पीएच, ईसी, सेंद्रिय कर्ब, एनपीके, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. ती शेताच्या हिशोबाने असते म्हणून त्यातली हेक्टरी खताची मात्रा कुंडीला लावायची नाही, फक्त पहिले दोन आकडे आणि लोह-झिंक बघायचं. नमुना अर्धा किलो, सावलीत सुकवलेला, स्वच्छ पिशवीत, आणि खत घातल्यावर महिनाभर तरी थांबून काढलेला असावा. एकाच बागेतली माती सगळ्या कुंड्यांत भरली असेल तर एक नमुना पुरे, वेगवेगळ्या नर्सरींतून आणलेल्या कुंड्यांची माती एकत्र करून देऊ नका, येणाऱ्या आकड्याचा कुठल्याच कुंडीशी संबंध नसेल.